राजारामपुरीतली जेईची मॉक लॅब, सहा महिने पैसे भरून बसल्यावरचा रिव्ह्यू

नाव टाकत नाही. खाली दोनचार गोष्टी वाकड्या लिहिल्यात आणि लॅब चालवणारे सर रोज जिन्यात भेटतात, उगाच कशाला. कोल्हापुरात सिव्हिलच्या जेईची, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरच्या सरकारी भरतीची तयारी करत असाल तर खुणा पुरेशा आहेत: मेन रोडच्या मागची गल्ली, खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिसरा मजला, लिफ्ट नाही.

आणि हो, मी मुलगी आहे. पुढं सगळीकडं गेलो, बसलो, भांडलो असं वाचून गोंधळू नका, आमच्याकडं पोरी असंच बोलतात, पुण्यात मावशीकडं गेलो की तिथल्या पोरी हसतात, हसू देत.

तर तिथं तीन गोष्टी मिळतात. अभ्यासिकेत खुर्ची महिना ११०० रुपये. लॅबमध्ये कम्प्युटरवर बसून ३० मॉक टेस्ट, त्याचे २५००. आणि ४५ दिवसांचा क्रॅश कोर्स १२,०००. मी तिन्ही घेतलं, शहाणपणा आधी कुणाला असतो. लॅबला पाचपैकी पाच, खुर्चीला तीन, क्रॅश कोर्सला एक, आणि तो एक पण मराठीच्या मॅडममुळं.

आधी लॅबचं सांगतो कारण खरं तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

माझा डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर करून बीई, मग दोन वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडं उचगावच्या बाजूला साइटवर. दिवसभर सळ्या मोजायच्या, स्लॅबच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन कव्हर ब्लॉक बघत फिरायचं, पगार सांगण्यासारखा नाही. २०२३ ला जिल्हा परिषदांच्या मिळून १९,४६० जागा निघाल्या, त्यात सगळे संवर्ग होते, जेई थोडेच, पण आमच्या घरात आकडा तेवढाच ऐकला गेला. त्याच वर्षी पीडब्ल्यूडीची पण ॲड आली, जलसंपदाची पण आली. पप्पा म्हणाले एवढ्या हजारांत एक आपल्या पोरीला मिळत नाही होय. खुल्याला फॉर्म १००० रुपये, राखीवला ९००, असे फॉर्म भरले, नोकरी सोडली, मोबाईलवर टेस्ट सिरीज घेतली आणि सोडवून सोडवून अंगठा दुखायला लागला. कुठंच लागलं नाही. बरं अभ्यास नव्हता म्हणावं तर तसं पण नाही, पेपर देऊन बाहेर आलो की जमलंय असंच वाटायचं आणि स्कोअर बघितला की हे आपलेच मार्क का असा प्रश्न पडायचा. मी नॉर्मलायझेशनला, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणायच्या हिशेबाला, शिव्या घालायचो. आमची शिफ्ट सोपी गेली म्हणून मार्क कापले वगैरे, जे सगळेच म्हणतात.

लॅबमधली पहिली मॉक एसएससी (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) जेईच्या पेपर एकची होती. ५० रिझनिंग, ५० जीके, १०० टेक्निकल, २०० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद आणि चुकलं की पाव मार्क जातो. कम्प्युटर जुने आहेत, माऊस वायरचे, एकदोन माऊस तर क्लिक केल्यावर विचार करून मग क्लिक होतात. कीबोर्डवर कापड टाकून ठेवलेलं असतं, हात लावायचा नाही. पेपर संपला, मी कच्च्या कागदावर खुणा करत होतो त्या हिशेबानं १४२ सोडवलेले. रिपोर्टमध्ये अटेम्प्टेड १३१.

मी तडक सरांकडं. म्हटलं सर तुमचं सॉफ्टवेअर गंडलंय, माझे ११ प्रश्न खाल्ले. सर डबा खात होते. म्हणाले, बस, एक प्रश्न सोडव माझ्यासमोर. मी ८६ नंबर सोडवला, ऑप्शनला टिक केलं आणि उजवीकडच्या पॅलेटवरनं, म्हणजे प्रश्नांच्या नंबरांच्या चौकटीतनं, थेट १०३ वर गेलो, मला एसओएमचं (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आधी संपवायचं होतं. सर म्हणाले, सेव्ह अँड नेक्स्ट दाबलीस? नाही. मग बघ ८६ कडं. ८६ लाल, म्हणजे उत्तर बसलंच नाही.

मोबाईलच्या ॲपवर ऑप्शनला बोट लावलं की उत्तर बसतं. परीक्षेच्या स्क्रीनवर सेव्ह अँड नेक्स्ट दाबल्याशिवाय बसत नाही, पॅलेटवरच्या नंबरवर क्लिक करून उडी मारली की मागचं उत्तर गेलं. ही गोष्ट सूचनांच्या पानावर स्वच्छ लिहिलेली असते, पण ते पान वाचतंय कोण, खाली 'मी वाचले आहे' ला टिक करायचं आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं. मी २०२३ चे सगळे पेपर असेच उड्या मारत दिले होते. किती गेले असतील त्याचा हिशेब करत मी जिन्यात बसलो, झेरॉक्सवाल्या काकांनी वर येऊन पाणी दिलं, त्यांना वाटलं घरी काय झालंय.

त्या एका दुपारचे २५०० गेले असं धरलं तरी मला ते स्वस्तात पडले.

बाकी लॅबमध्ये काय चांगलं आहे तर वेळा. सर टेस्ट मनाला येईल तेव्हा घेत नाहीत, सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५, आणि तुमची शिफ्ट कुठली ते आदल्या दिवशी रात्री मेसेज येतो. तासभर आधी यायचं, बूट बाहेर, पोरींनी कानातलं-गळ्यातलं काढून डबीत ठेवायचं, वेळ झाली की दार बंद, एकदा मी तीन मिनिटं उशिरा गेलो तर खरंच घेतलं नाही आत, टेस्ट वाया, पैसे परत नाहीत. तेव्हा राग आला होता. दुपारची शिफ्ट म्हणजे काय असते ते मात्र तिथंच कळलं, खानावळीत बारा वाजता चपात्या, भात, आमटी असं यथासांग जेवून एकला स्क्रीनसमोर बसायचं, ६० व्या प्रश्नाला डोळे जड. आता दुपारची शिफ्ट असली की मी फक्त दोन केळी खातो, भात रात्री.

खटकलेली गोष्ट म्हणजे ३० पैकी १८ टेस्ट एसएससीच्या पेपर एकच्या. सरळसेवेच्या, म्हणजे राज्यातल्या खात्यांच्या थेट भरतीच्या, आठ. एसएससी पेपर दोनच्या फक्त चार, आणि खरं तर त्या जास्त पाहिजेत. तो पेपर पूर्वी लिहायचा होता, आता तो पण ऑब्जेक्टिव्ह झालाय, १०० प्रश्न ३०० मार्क, आणि चुकीला पूर्ण एक मार्क कट. पेपर एकमध्ये तुक्का मारायची सवय लागलेला माणूस तिथं साफ आपटतो, मी आपटलो, चारपैकी पहिल्या दोन टेस्टमध्ये नुसत्या निगेटिव्हनं माझे पंचवीसच्या वर मार्क गेले. रेल्वे जेईची तर एक पण टेस्ट नाही. त्याच्या दुसऱ्या सीबीटीला (कम्प्युटरवरच्या पेपरला) १५० प्रश्न असतात १२० मिनिटांत, चुकीला एक तृतीयांश जातो, सगळा तालच वेगळा. सरांना विचारलं तर म्हणाले पुढच्या बॅचला टाकणार आहे. मागच्या बॅचच्या पोराला पण हेच सांगितलं होतं म्हणे.

आता ॲन्सर कीचं. इथं मजा आहे.

प्रश्न कुठनं आणतात माहीत नाही, पण बरेचसे कुठल्यातरी जुन्या बँकेतनं उचललेले आहेत हे नक्की, कारण कोड, म्हणजे बांधकामाची आयएस मानकं, बदलले तरी उत्तरं बदललेली नाहीत. एम २५ काँक्रीटचा मॉड्युलस ऑफ इलॅस्टिसिटी किती, ऑप्शनमध्ये २५,००० पण आहे आणि २८,५०० पण आहे. मी २५,००० मारलं, चूक दाखवलं. आयएस ४५६ च्या, म्हणजे काँक्रीटच्या, १९७८ च्या कोडात ५७०० रूट एफसीके होतं (एफसीके म्हणजे काँक्रीटची ताकद, एम २५ ला २५), २००० च्या कोडात ते ५००० रूट एफसीके झालं. म्हणजे कोड बदलून २० वर्षांच्या वर झाली आणि आमची की अजून जुन्यातच. तसंच पिण्याच्या पाण्याची हार्डनेस, आयएस १०५०० ची. कीमध्ये ३००, तो १९९१ चा आकडा, २०१२ च्या कोडला ॲक्सेप्टेबल लिमिट २०० आहे, दुसरा सोर्स नसला तर ६०० पर्यंत चालतं. पाठ करणाऱ्या पोरांनी ३०० पाठ केलं की संपलं, ते तसंच परीक्षेला जाणार.

पण कळस झाला तो केटी वेअरच्या प्रश्नाला. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी, केटी म्हणजे कोल्हापूर टाइप. इरिगेशनच्या कुठल्याही पुस्तकात आमच्या गावाच्या नावाचा बंधारा आहे, कसबा बावड्याचा राजाराम बंधारा त्यातलाच, पावसाळ्यात पंचगंगेची पातळी टीव्हीवर सांगतात ती तिथलीच. प्रश्न होता, केटी वेअरमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी बसवलेले असतात. कीमध्ये उत्तर: पावसाळ्यात. अख्खी लॅब हसली. पावसाळ्यात बरगे ठेवले तर पाणी फुगून शेतात जाईल की, पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि पाऊस ओसरला की परत घालून पाणी अडवतात, हे शिरोळ करवीरच्या शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या पोराला पण माहिती असतंय. चंदगडचा एक पोरगा उठून म्हणाला, सर हा प्रश्न मुंबईत बसून काढलाय.

मात्र सरांचं एक मानायला पाहिजे. वॉटर फिल्टरजवळ खिळ्याला एक लांबडी वही सुतळीनं बांधून ठेवलीय, चुकांची वही. ॲन्सर की चुकलीय असं वाटलं तर टेस्ट नंबर, प्रश्न नंबर, आपलं उत्तर आणि पुरावा लिहायचा, पुरावा म्हणजे कोडचा क्लॉज नंबर किंवा पुस्तकाचं पान, 'मला वाटतं' चालत नाही. सर रविवारी वही बघतात, बरोबर निघालं की सगळ्यांची रँक परत लावतात आणि ज्यानं लिहिलं त्याला खालच्या टपरीवर चहा. रेल्वेच्या परीक्षेत ऑब्जेक्शन टाकायला एका प्रश्नाला ५० रुपये भरावे लागतात आणि बरोबर ठरलं तरच परत मिळतात, इथं उलट चहा मिळतो. माझे सहा महिन्यांत नऊ चहा झाले. आणि त्या नऊ चहांसाठी मी आयएस ४५६ जेवढा उघडला तेवढा डिग्रीच्या चार वर्षांत, म्हणजे माझ्या तीन, उघडला नव्हता. केटी वेअरला पुरावा काय द्यायचा यावर मात्र वाद झाला, सगळे म्हणाले नदीवर जाऊन बघा हाच पुरावा, सर म्हणाले तसं नाही, पान नंबर आणा. शेवटी मीच इरिगेशनचं पुस्तक आणून पान दाखवलं. एक चहा तिथं.

तरी वही आहे म्हणून ॲन्सर की चुकीची चालते असं नाही. २५०० घेता तर एकदा बसून सगळे प्रश्न नवीन कोडला लावून घ्या की. पोरं फुकटात प्रूफरीडिंग करतायत आणि चहा दहा रुपयांचा.

क्रॅश कोर्स. ह्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. शनिवार-रविवार बाहेरनं एक सर यायचे, प्रोजेक्टरवर पीडीएफ, आणि ट्रिक. बीमच्या बेंडिंग मोमेंटचं सूत्र, सिंपली सपोर्टेडला डब्ल्यूएल स्क्वेअर बाय आठ, फिक्स्डला सपोर्टवर बाय बारा, मधे बाय चोवीस, लिहून घ्या, गाणं करून पाठ करा. कुठनं आलं ते विचारलं की, ताई परीक्षेत डेरिव्हेशन विचारत नाहीत. बरोबर आहे, विचारत नाहीत, पण सपोर्ट बदलून किंवा लोड अर्ध्याच स्पॅनवर टाकून विचारतात आणि तिथं गाणं संपतं. त्यांच्या पीडीएफमध्ये पण ५७०० च होतं, म्हणजे रोगाचं मूळ कळलं. सर्व्हेइंग, एस्टिमेटिंग दोन दिवसांत उरकलं आणि सॉइलला तिसऱ्या रविवारी सर आलेच नाहीत, त्या दिवसाची भरपाई अजून बाकी आहे. १२,००० मध्ये चांगली पुस्तकं येतात, कोडचे झेरॉक्स येतात आणि वर दोन महिने खानावळ भागते. बाहेरच्या बॅनरवर ११ जणांचे फोटो आहेत सिलेक्शन म्हणून, त्यातल्या तिघांनी इथं फक्त टेस्ट दिल्यात, एकाला तर मी स्वतः ओळखतो, तो रंकाळ्याजवळ घरी बसून अभ्यास करायचा आणि मॉकपुरता यायचा. खरं तर तोच शहाणा.

मराठीच्या मॅडम मात्र भारी. सरळसेवेला टेक्निकलबरोबर मराठी, इंग्रजी, जीके, बुद्धिमत्ता असतं आणि इंजिनिअरिंगची पोरं मराठीला हिंगलत नाहीत, आपली भाषा आहे त्यात काय. मग समास आणि प्रयोगात मार्क जातात. मॅडमनी पहिल्या दिवशी मला उभं केलं, 'मी शाळेत जातो' यात कर्त्याचं लिंग सांग. मी म्हटलं मॅडम कोल्हापूर असेल तर सांगता येत नाही. त्या पण इथल्याच, हसल्या, आणि मग कर्तरी, कर्मणी, भावे असं काय समजावलं की सरळसेवेच्या मॉकमध्ये मराठीचा माझा मार्क परत कधी गेलाच नाही, म्हणजे एकदोनदा गेला, शुद्धलेखनात. आठवड्यातनं एकच तास आहे त्यांचा. तो तास वेगळा विकला तर मी पैसे देईन.

अभ्यासिका ठीक. सकाळी ६ ते रात्री ११, पोरींसाठी वेगळी खोली आहे, वेगळं बाथरूम आहे आणि स्वच्छ असतं, काकू दिवसातनं दोनदा येतात. हे लिहितोय कारण ह्याआधी ज्या दोन अभ्यासिका बघितल्या तिथं बाथरूम बघूनच परत फिरलो होतो. रात्री नऊनंतर जिन्यातला दिवा बहुतेक बंद असतो, सांगून दमलो, मोबाईलचा टॉर्च लावून उतरायचं. वायफाय नावाला. पिण्याचं पाणी चांगलं. चार्जिंगचे पॉइंट भिंतीकडच्याच खुर्च्यांना.

आवाजाचं म्हणाल तर ही राजारामपुरी आहे. गणपतीच्या आगमनादिवशी अभ्यास करायचा विचारच सोडा, मंडळांच्या साउंडनं खिडकीच्या काचा आणि छातीतलं काळीज एकाच तालात हलतं, रेझोनन्स म्हणजे काय ते कुठल्या लॅबमध्ये एवढं कळत नाही. सरांनी त्या दिवशी टेस्ट ठेवली होती, चार जण आले, मी त्यात नव्हतो, मी खाली मिरवणूक बघत होतो. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पोरांची खोली अर्धी रिकामी, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली पोरं अभ्यासाला घरची कारणं सांगतात आणि पेठेच्या मॅचला मात्र चुकत नाहीत.

पावसाळ्यात एक अडचण येते ती बाहेरगावच्यांनी धरून ठेवा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की ग्रुपवर टेस्टच्या आधी पंचगंगेच्या पातळीचेच आकडे पडायला लागतात. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि बावडा-शिये रस्त्यावर पाणी आलं की तिकडच्या पोरांची टेस्ट बुडते. ह्याबाबतीत मात्र सर चांगले वागले, पाणी उतरल्यावर सगळ्यांना परत बसवलं आणि पैसे मागितले नाहीत. तीन मिनिटं उशीर झाला म्हणून मला परत पाठवणारा माणूस तोच. नदीला माफी, मला नाही.

खाण्यापिण्याचं, मागच्याच गल्लीत खानावळ आहे, घरगुती, आमटी कधी पातळ कधी बरी. पैसे उरले की मिसळ, महिन्याच्या शेवटी भडंग आणि शेंगा, चुरमुऱ्याचं पोतं आमच्या खोलीत कायम असतं.

तर कुणी जावं. साइट किंवा नोकरी सांभाळून तयारी करत असाल आणि कम्प्युटरवर पेपर देऊन बघितला नसेल तर नुसती लॅब घ्या, २५०० द्या, बाकी कशाला हो म्हणू नका, काउंटरवर सर कॉम्बो ऑफर सांगतील, १४,९९९, त्याला पण नाही म्हणा. घरी अभ्यासाला जागा असेल तर खुर्ची पण नको. फ्रेशर असाल आणि बेसिकच कच्चं असेल तर इथं तुमचं काय होणार नाही, आधी एसओएम, फ्लुइड, आरसीसी नीट करून या, नाहीतर रिपोर्टमध्ये रोज तोच आकडा बघत बसाल. पहिल्या दोन टेस्ट मार्कांसाठी देऊ नका, स्क्रीन शिकायला द्या, पॅलेटचे रंग बघा, हिरवं सोडवलेलं, लाल बघून सोडलेलं, जांभळं मार्क फॉर रिव्ह्यू, आणि जांभळ्यावर हिरवा ठिपका असला तरच उत्तर मोजतात, नुसतं जांभळं मोजत नाहीत. हे मी आता झोपेत पण सांगतो.

माझं पॅकेज संपलं, मी परत १५ टेस्टचं घेतलंय, ॲड कधी येईल त्याचा भरवसा नाही पण माऊसचा हात बसलेला राहू दे. नवीन कोणी येणार असेल तर लॅबमध्ये दुसऱ्या ओळीतला ७ नंबर घेऊ नका, त्याचा माऊस डबल क्लिक करतो, आणि १७ नंबर पण घेऊ नका, तो पंख्याखाली आहे आणि तिथं मी बसतो.